भूतान आणि ऑलिंपिक : धनुष्यबाणापासून मॅरेथॉनपर्यंत

हिमालयाच्या कुशीतील भूतान या देशाने १९८४ साली लॉस एंजेलिस येथे प्रथमच ऑलिंपिक स्पर्धेत भाग घेतला. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत उन्हाळी ऑलिंपिकच्या एकाही संचलनात भूतानचा पिवळा-नारिंगी ध्वज अनुपस्थित राहिलेला नाही. या चाळीस वर्षांत भूतानला एकही पदक मिळालेले नाही. धनुर्विद्या हा ज्या देशाचा राष्ट्रीय खेळ आहे, जेथे गावोगावी धनुष्यबाणाचे सामने रंगतात, त्या देशाला ऑलिंपिकच्या धनुर्विद्येत पदक का मिळू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना लहान राष्ट्रांचे ऑलिंपिकमधील स्थान, त्यांना मिळणाऱ्या निमंत्रित जागा आणि स्वतःच्या बळावर जागा मिळवण्याची त्यांची धडपड यांचा परिचय होतो.

देशाची ओळख

भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या केरळ राज्याएवढे आहे. २०१७ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ७ लाख २७ हजार होती. ही संख्या गोव्याच्या लोकसंख्येच्या साधारण निम्मी भरते. देशाचा बहुतांश भाग डोंगराळ असून राजधानी थिंपू समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेली आहे.

बाह्य जगाशी भूतानचा संबंध टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९७१ साली भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. त्याच वर्षी धनुर्विद्येला राष्ट्रीय खेळाचा दर्जा देण्यात आला. भूतान ऑलिंपिक समितीची स्थापना १९८३ साली झाली आणि पुढच्याच वर्षी देशाचे पहिले पथक ऑलिंपिकसाठी रवाना झाले. देशात दूरचित्रवाणी मात्र १९९९ साली सुरू झाली. त्यामुळे आपल्या पहिल्या ऑलिंपिकपटूंची कामगिरी घरबसल्या पाहण्याची सोय त्यांच्या देशबांधवांना नव्हती.

राष्ट्रीय खेळाचे स्वरूप

भूतानमध्ये धनुर्विद्येला ‘दा’ असे म्हणतात. हा खेळ सणासुदीचा आणि सामूहिक आहे. नववर्षाच्या, म्हणजे लोसारच्या दिवसांत गावागावांत त्याचे सामने होतात. थिंपू येथील चांगलिमिथांग मैदानालगतच्या धनुर्विद्या मैदानावर वर्षभर खेळाडूंची वर्दळ असते.

या खेळात मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक लक्ष्य उभारलेले असते. दोन्हींमधील अंतर सुमारे १४० ते १४५ मीटर असते. लक्ष्य म्हणजे जेमतेम एक फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी रंगवलेली लाकडी फळी. प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीला दोन बाण सोडतो. मग दोन्ही संघ दुसऱ्या टोकाला जाऊन उलट दिशेने नेम धरतात. फळीच्या मध्यावर बाण लागल्यास तीन गुण, फळीवर अन्यत्र लागल्यास दोन आणि फळीपासून एका बाणाच्या लांबीइतक्या अंतरात पडल्यास एक गुण मिळतो. पारंपरिक सामन्यात प्रथम २५ गुण करणारा संघ डाव जिंकतो.

या सामन्यांचा थाट पाहण्यासारखा असतो. बाण लक्ष्यावर लागला की संघातील सर्व खेळाडू फेर धरून गातात व नाचतात. यशस्वी धनुर्धराच्या कमरेला रंगीत रुमाल खोवला जातो. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडू आणि मैदानाच्या कडेला गाणाऱ्या स्त्रिया नेम धरणाऱ्याची मनसोक्त थट्टा करतात. त्याचे लक्ष विचलित करणे हा खेळाचाच भाग मानला जातो. महत्त्वाच्या सामन्याआधी ज्योतिषाचा सल्ला घेण्याची आणि खेळाडूंनी आदल्या रात्री घराबाहेर एकत्र मुक्काम करण्याची प्रथाही प्रचलित आहे.

पूर्वी हा खेळ केवळ बांबूच्या धनुष्याने खेळला जाई. अलीकडच्या दशकांत कप्प्या आणि दोऱ्यांची रचना असलेली आधुनिक ‘कंपाउंड’ धनुष्ये परदेशातून आली आणि शहरी स्पर्धांत लोकप्रिय झाली. बांबूच्या धनुष्याचे सामनेही त्यांच्याबरोबरीने होत असतात.

लॉस एंजेलिस, १९८४

लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी भूतानने तीन पुरुष आणि तीन महिला असे सहा खेळाडू पाठवले. हे सहाही जण धनुर्धर होते. पहिल्याच पथकात स्त्री-पुरुषांची संख्या समान असणे ही त्या काळी लक्षणीय बाब होती, कारण कित्येक मोठ्या देशांच्या पथकांत तेव्हा महिलांचे प्रमाण फारच कमी असे.

धनुर्विद्येतील पात्रतेची आजची काटेकोर पद्धत त्या वेळी अस्तित्वात नव्हती. स्पर्धेचे स्वरूपही निराळे होते. प्रत्येक खेळाडूला वेगवेगळ्या चार अंतरांवरून मिळून २८८ बाण सोडावे लागत आणि एकूण गुणांवर क्रमांक ठरत असे. भूतानचे धनुर्धर गुणतक्त्याच्या तळाकडील भागात राहिले. मात्र स्पर्धेत दाखल होणे हेच त्या पथकाचे उद्दिष्ट होते आणि ते साध्य झाले.

दोघांचे पथक

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये भूतानने पुन्हा सहा धनुर्धर उतरवले. त्यानंतर धनुर्विद्येतील खेळाडूंची संख्या मर्यादित करण्यात आली. प्रत्येक गटात ६४ जागा ठरल्या आणि त्या जागांसाठी पात्रता स्पर्धा सुरू झाल्या. याचा परिणाम भूतानच्या पथकावर तत्काळ दिसून आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंतच्या सहा स्पर्धांत भूतानचे पथक प्रत्येक वेळी केवळ दोन खेळाडूंचे होते.

या काळातील उल्लेखनीय कामगिरी २००४ साली अथेन्स येथे झाली. ताशी पेलजोर आणि शेरिंग चोडेन या दोघांनी आपापल्या गटातील पहिली लढत जिंकून अखेरच्या ३२ खेळाडूंत स्थान मिळवले. दोघेही पुढच्या फेरीत पराभूत झाले. तरीही बाद पद्धतीच्या लढतीत भूतानी धनुर्धर बलाढ्य देशांच्या खेळाडूंना हरवू शकतात, हे यामुळे सिद्ध झाले.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भूतानच्या पथकात दोन्ही खेळाडू महिला होत्या. शेराब झाम ही धनुर्धर होती, तर कुंझांग चोडेन १० मीटर एअर रायफल नेमबाजीत सहभागी झाली. धनुर्विद्येव्यतिरिक्त अन्य खेळात भाग घेणारी ती भूतानची पहिली ऑलिंपिकपटू ठरली. पात्रता फेरीत तिला अखेरच्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. २०१६ साली रिओ येथेही कर्मा (धनुर्विद्या) आणि लेंचू कुंझांग (नेमबाजी) या दोन महिलांनीच देशाचे प्रतिनिधित्व केले.

सत्तर मीटरचे अंतर

घरच्या मैदानावर १४० मीटरवरून एक फूट रुंदीच्या फळीचा वेध घेणाऱ्या धनुर्धरांना ऑलिंपिकमधील ७० मीटरचे अंतर सोपे वाटायला हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात हे दोन्ही खेळ मुळातच भिन्न आहेत.

पहिला भेद धनुष्याचा आहे. २०२४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये फक्त ‘रिकर्व्ह’ प्रकारच्या धनुष्याला परवानगी होती. भूतानमध्ये बांबूचे पारंपरिक अथवा कंपाउंड धनुष्य वापरले जाते. कंपाउंड धनुष्यात दोरी पूर्ण ताणल्यावर कप्प्यांमुळे हातावरचा भार बराच कमी होतो. रिकर्व्ह धनुष्यात हा संपूर्ण भार धनुर्धराला नेम धरेपर्यंत पेलावा लागतो. त्यामुळे एकाचे कौशल्य दुसऱ्याला जसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

दुसरा भेद अचूकतेच्या मापाचा आहे. ऑलिंपिकमधील लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो. पण दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाचा व्यास केवळ १२.२ सेंटिमीटर असतो. मानांकन फेरीत ७२ बाणांतून जास्तीत जास्त ७२० गुण मिळू शकतात आणि अव्वल खेळाडूंचे बहुसंख्य बाण नऊ किंवा दहा गुणांच्या वर्तुळात जातात. येथे अधूनमधून साधलेल्या अप्रतिम नेमापेक्षा प्रत्येक बाण आधीच्या बाणासारखाच सोडण्याला महत्त्व आहे. पारंपरिक सामन्यात फळीपासून दूर गेलेल्या बाणाने संघाचे गुण कमी होत नाहीत आणि एक अचूक बाण सामन्याचे पारडे फिरवू शकतो. ऑलिंपिकमध्ये एकच भरकटलेला बाण खेळाडूला कित्येक क्रमांक खाली ढकलतो.

तिसरा भेद वातावरणाचा आहे. भूतानमधील धनुर्धर आपल्या संघासाठी, गाण्यांच्या आणि थट्टेच्या गजरात खेळतो. यशापयशाची वाटणी सर्वांत होते. ऑलिंपिकमध्ये तो एकटा असतो. वैयक्तिक लढतीत दोन्ही खेळाडू आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणासाठी २० सेकंदांचा अवधी असतो. नेम धरताना प्रेक्षकांत शांतता असते. या वातावरणाची सवय आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सातत्याने खेळूनच होते. त्यासाठी लागणारा प्रवासखर्च, साहित्य आणि प्रशिक्षक यांची तजवीज करणे लहान देशाला जड जाते.

या संदर्भात भारताचे उदाहरण बोलके आहे. रामायण-महाभारताचा वारसा सांगणाऱ्या आणि आदिवासी भागांत धनुष्यबाणाची परंपरा जिवंत असलेल्या भारतालाही २०२४ पर्यंत ऑलिंपिकच्या धनुर्विद्येत पदक मिळवता आलेले नाही. पॅरिस येथे धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत यांची मिश्र जोडी चौथ्या क्रमांकावर राहिली. या क्षेत्रात दीर्घकाळ वर्चस्व गाजवणाऱ्या दक्षिण कोरियाने शालेय वयापासून रिकर्व्ह धनुष्याचे पद्धतशीर प्रशिक्षण देणारी यंत्रणा उभारली. तेथील यशाचा पाया या यंत्रणेत आहे.

निमंत्रण आणि पात्रता

ऑलिंपिक स्पर्धेत केवळ पात्रतेच्या निकषावर प्रवेश दिल्यास अनेक लहान देशांचा एकही खेळाडू तेथे पोहोचणार नाही. ऑलिंपिक चळवळीचे स्वरूप सार्वत्रिक राहावे, यासाठी काही जागा राखून ठेवण्यात येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांची जागतिक संघटना आणि संबंधित खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांचा मिळून बनलेला त्रिपक्षीय आयोग धनुर्विद्या, नेमबाजी, ज्यूडो अशा खेळांत लहान पथकांच्या देशांना अशा जागा देतो. अ‍ॅथलेटिक्स आणि जलतरण या खेळांत सार्वत्रिक सहभागासाठी स्वतंत्र तरतूद आहे. ज्या देशाचा कोणीही खेळाडू पात्र ठरलेला नसतो, त्याला तिचा लाभ घेता येतो.

या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी मते मांडली जातात. पात्रतेच्या अगदी जवळ येऊन संधी हुकलेल्या मोठ्या देशांच्या खेळाडूंना ती अन्यायकारक वाटू शकते. दुसरीकडे, जागतिक स्पर्धेचा अनुभवच मिळाला नाही तर लहान देशांत त्या खेळाची मुळे रुजणार कशी, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. निमंत्रित जागेचा खरा उपयोग पुढच्या पिढीने ती जागा स्वतःच्या कामगिरीवर मिळवण्यात आहे. भूतानच्या बाबतीत हा टप्पा येण्यास पहिल्या सहभागानंतर ३५ वर्षे लागली.

कर्माची पात्रता

रिओ ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या कर्मा हिने नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशिया खंडाच्या पात्रता स्पर्धेत तोक्यो ऑलिंपिकची जागा मिळवली. स्वतःच्या कामगिरीच्या बळावर ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती भूतानची पहिली खेळाडू होय. (भूतानमध्ये अनेक व्यक्ती एकच नाव लावतात, ‘कर्मा’ हे तिचे पूर्ण नाव आहे.)

कोरोना महामारीमुळे तोक्यो ऑलिंपिक एक वर्ष लांबणीवर पडून २०२१ साली झाले. मानांकन फेरीत कर्मा ५६ व्या स्थानी राहिली. त्यामुळे बाद फेरीत तिची गाठ नवव्या मानांकित खेळाडूशी पडली. ही खेळाडू होती भारताची दीपिका कुमारी. २८ जुलै २०२१ रोजी झालेल्या या लढतीत दीपिकाने ६-० असा विजय मिळवला. भारतीय वृत्तपत्रांत या लढतीची बातमी दीपिकाची विजयी सलामी म्हणून आली. भूतानसाठी मात्र त्या दिवसाचे महत्त्व गुणफलकाहून वेगळे होते. शेजारच्या विशाल देशाच्या अव्वल खेळाडूसमोर उभी राहिलेली ही धनुर्धर कोणाच्या निमंत्रणावरून तेथे आलेली नव्हती.

तोक्योत भूतानचे पथक चार खेळाडूंचे होते आणि त्यात प्रथमच चार वेगवेगळ्या खेळांचा समावेश होता. कर्मासह लेंचू कुंझांग (नेमबाजी), नवांग नामग्येल (ज्यूडो) आणि संगे तेंझिन (जलतरण) यांनी भाग घेतला. ज्यूडो आणि जलतरण या खेळांतील भूतानचा हा पहिलाच ऑलिंपिक सहभाग होता. समुद्रकिनारा नसलेल्या आणि थंड, वेगवान नद्यांच्या या देशात स्पर्धात्मक जलतरणाच्या सोयी अत्यंत अपुऱ्या आहेत. संगे तेंझिन याने थायलंडमध्ये राहून सराव केला. २०२४ साली पॅरिस येथेही तो १०० मीटर फ्रीस्टाईल शर्यतीत उतरला.

त्याच वर्षी तोक्यो येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेतही भूतानने पदार्पण केले. धनुर्विद्या आणि गोळाफेक या प्रकारांत देशाच्या तीन खेळाडूंनी भाग घेतला.

पॅरिसमधील अखेरची धावपटू

पॅरिस ऑलिंपिकसाठी भूतानने तीन खेळाडू पाठवले : धनुर्धर लाम दोरजी, जलतरणपटू संगे तेंझिन आणि मॅरेथॉन धावपटू किंझांग ल्हामो. २६ जुलै २०२४ रोजी सीन नदीवरील संचलनात हे पथक सहभागी झाले.

या पथकातील किंझांग ल्हामो हिचे नाव स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी जगभर पोहोचले. २६ वर्षांच्या ल्हामोला डोंगराळ प्रदेशातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा अनुभव होता. भूतानमध्ये २०२२ साली झालेल्या ‘स्नोमॅन रेस’ या २०३ किलोमीटरच्या, उंच खिंडी ओलांडत जाणाऱ्या पाच दिवसांच्या शर्यतीत तिने महिलांमध्ये दुसरा क्रमांक मिळवला होता. ऑलिंपिकची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असली, तरी तेथील वेग अगदी वेगळा असतो.

११ ऑगस्ट २०२४ रोजी झालेली महिलांची मॅरेथॉन ही पॅरिस येथील अ‍ॅथलेटिक्सची समारोपाची शर्यत होती. पॅरिसच्या नगरभवनापासून व्हर्सायकडे जाऊन लेझँव्हालिदच्या परिसरात संपणारा हा मार्ग ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या स्त्रियांनी व्हर्सायच्या राजवाड्यावर नेलेल्या मोर्चाच्या स्मरणार्थ आखला होता. चढ-उतारांमुळे तो ऑलिंपिकमधील अत्यंत खडतर मार्गांपैकी एक मानला गेला. नेदरलँड्सच्या सिफान हसन हिने २ तास २२ मिनिटे ५५ सेकंद या नव्या ऑलिंपिक विक्रमी वेळेत सुवर्णपदक जिंकले. अनेक नामवंत धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली.

ल्हामोने ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत ती ८० वी, म्हणजे शेवटची होती. विजेती आणि ती यांच्यात दीड तासाचे अंतर होते. मार्गाच्या अखेरच्या टप्प्यात ती काही काळ चालत होती. परंतु प्रेक्षक रस्त्याच्या कडेने तिच्याबरोबर चालू व धावू लागले. काहींनी सायकलवरून तिला सोबत केली. अंतिम रेषा ओलांडताना ती पुन्हा धावत होती आणि उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात तिचे स्वागत केले.

या प्रसंगाचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. अखेरच्या क्रमांकाला मिळणाऱ्या टाळ्या मनापासूनच्या असतात, पण त्या क्षणिक असतात. ल्हामोची शर्यत त्या दिवशी आत्मसन्मानाचे प्रतीक ठरली. तथापि, उंचीवरील सरावाचा नैसर्गिक लाभ असलेल्या भूतानमधून जागतिक दर्जाचे दीर्घ पल्ल्याचे धावपटू घडवायचे असतील, तर वर्षानुवर्षांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि स्पर्धांची उपलब्धता यांना पर्याय नाही.

इतर स्पर्धांतील कामगिरी

आशियाई क्रीडास्पर्धेत भूतान १९८६ पासून सहभागी होत आहे. २०२३ साली झालेल्या हांगझोऊ येथील स्पर्धेपर्यंत तेथेही त्याला पदक मिळालेले नव्हते. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र भूतानची पदकसंख्या वाढताना दिसते. २०१६ साली गुवाहाटी आणि शिलाँग येथे झालेल्या स्पर्धेत भूतानने १ रौप्य आणि १५ कांस्य अशी १६ पदके मिळवली. २०१९ साली नेपाळमध्ये ७ रौप्य आणि १३ कांस्य अशी २० पदके त्याच्या वाट्याला आली. एकूण संख्येपेक्षा रौप्यपदकांतील वाढ अधिक सूचक आहे, कारण अंतिम लढतीपर्यंत पोहोचणाऱ्या खेळाडूंची संख्या वाढल्याचे ती दाखवते.

क्रीडा प्रशासनातही भूतानची दखल घेतली गेली आहे. भूतान ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष राजपुत्र जिग्येल उग्येन वांगचुक यांची २०१८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्यपदी निवड झाली.

लहान देश आणि पदके

लोकसंख्या कमी असणे हा पदकाच्या मार्गातील अंतिम अडथळा नव्हे, हे अलीकडच्या दोन ऑलिंपिकमध्ये दिसून आले. तोक्यो येथे बर्म्युडाच्या फ्लोरा डफी हिने ट्रायथलॉनमध्ये आपल्या देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत सान मारिनोने आपल्या इतिहासातील पहिली तीन पदके जिंकली. पॅरिस येथे ३ ऑगस्ट २०२४ या एकाच दिवशी कॅरिबियन समुद्रातील दोन बेटांनी इतिहास घडवला. सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेड हिने १०० मीटर शर्यतीत, तर डॉमिनिकाच्या थिया लाफाँड हिने तिहेरी उडीत सुवर्णपदक जिंकले. हे सर्व देश लोकसंख्येने भूतानपेक्षा लहान आहेत.

या यशामागील एक समान दुवा उद्‌बोधक आहे. डफी, आल्फ्रेड आणि लाफाँड या तिघींनीही अमेरिकेतील विद्यापीठांत शिक्षण घेतले आणि तेथील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेचा त्यांना लाभ झाला. भौगोलिक सान्निध्य आणि इंग्रजी भाषा यांमुळे कॅरिबियन व आसपासच्या बेटांतील खेळाडूंना ही वाट तुलनेने सुलभ आहे. हिमालयातील भूतानला अशी तयार वाट उपलब्ध नाही. परदेशी प्रशिक्षकांची मदत घेणे आणि आपल्या मोजक्या गुणवान खेळाडूंना सरावासाठी परदेशी पाठवणे, हाच मार्ग त्याला अनुसरावा लागतो.

लॉस एंजेलिस, २०२८

भूतानने ज्या शहरात ऑलिंपिकमध्ये पहिले पाऊल टाकले, त्याच लॉस एंजेलिस शहराला २०२८ च्या ऑलिंपिकचे यजमानपद देण्यात आले आहे. या स्पर्धेसाठी धनुर्विद्येत कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश करण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला. या प्रकारात एक पुरुष आणि एक महिला अशी जोडी खेळते.

भारताच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह आहे. २०२३ साली बर्लिन येथे नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जागतिक विजेतेपद पटकावले होते. भूतानसाठीही त्याला वेगळे महत्त्व आहे. ज्या धनुष्याची देशातील हजारो हौशी धनुर्धरांना सवय आहे, ते प्रथमच ऑलिंपिकच्या मैदानावर येत आहे. अर्थात, हौशी सामन्यांतील कौशल्य आणि ५० मीटरवरील आंतरराष्ट्रीय कंपाउंड स्पर्धेची अचूकता यांतील अंतर मोठे आहे. मोजक्याच जोड्यांना प्रवेश मिळणार असल्याने पात्रता मिळवणेही कठीण राहील. तरीही राष्ट्रीय खेळ आणि ऑलिंपिकमधील खेळ यांच्यातील दरी यापूर्वी इतकी अरुंद कधीच नव्हती.

भूतानच्या पदकांचा रकाना अजून रिकामा आहे. मात्र त्यावरून या देशाच्या चाळीस वर्षांच्या वाटचालीचे मोजमाप करता येणार नाही. सहा धनुर्धरांपासून सुरू झालेला हा प्रवास नेमबाजी, ज्यूडो, जलतरण आणि मॅरेथॉनपर्यंत विस्तारला आहे. निमंत्रित म्हणून आलेला हा देश एकदा का होईना, पात्र ठरून ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. कर्माने मिळवलेल्या त्या जागेमागोमाग आणखी जागा मिळतात का, यावर भूतानच्या ऑलिंपिक इतिहासाचे पुढचे पान अवलंबून राहील.

ठळक नोंदी

● भूतान ऑलिंपिक समितीची स्थापना : १९८३
● पहिला सहभाग : लॉस एंजेलिस, १९८४ (सहा धनुर्धर, तीन पुरुष, तीन महिला)
● धनुर्विद्येखेरीज अन्य खेळातील पहिली खेळाडू : कुंझांग चोडेन, नेमबाजी, लंडन २०१२
● कामगिरीच्या बळावर पात्र ठरलेली पहिली खेळाडू : कर्मा, धनुर्विद्या, तोक्यो २०२० (स्पर्धा २०२१ साली)
● ज्यूडो व जलतरणातील पहिला सहभाग : तोक्यो २०२०
● पॅरालिंपिकमधील पहिला सहभाग : तोक्यो २०२०
● मॅरेथॉनमधील सहभाग : किंझांग ल्हामो, पॅरिस २०२४ (३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंद)
● पॅरिस २०२४ पर्यंत ऑलिंपिक पदके : एकही नाही